आमी ओंजळ केली नाइ

माहेर माहं कटंगीकडचं. लग्न होऊन इकडं लांजीजवळ आली, तवापासून लोकायच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणाच करून राह्यली. आमी बौद्ध हाओ, पन गावाच्या तोंडात आमचं जुनंच नाव हाये. ज्या साली मी आली त्याच साली पटलीनबाई बी नवरी होऊन आली, ज्यायच्या बांधीत आमी रोवतो त्यायची सून. काय सांगू तुमाले, सोभावाची लय चांगली. माह्या बाळंतपनात तूप धाडलं तिनं. वाईट कसं म्हनू?

पन पानी. दुपारी धुऱ्यावर, बांधीच्या काठाले, बाई हंडा घेऊन ये, बाकीच्या बाया स्टीलच्या गिलासनं पेत, आन आमी खाली बसून ओंजळ करायची, थे वरून धार सोडे. इतके साल केली, काही वाटतच नोयतं. मंग मागच्या रोवण्यात काय झालं कोनास ठाऊक, माहे हात वरतच नाइ गेले, मांडीवरच राह्यले. बाई म्हने काहून वो, तहान नाइ का. मी म्हनलं लागली हाये, गिलास द्या. बाई हंडा उचलून चालली गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्याच्या आठी बाया तशाच बसलो. ना शिवी, ना भांडन, काम पूरं करायचं, फक्त ओंजळ करायची नाइ. चार दिवस. उमसनं जीव चालला, पाय चिखलात आन घसा सुका, एक तं चक्कर येऊन बांधीतच बसली. घरून पानी आनता आलं असतं, हौ, पन मंग बाईले दिसलं कसं असतं?

पाचव्या दिवशी बाईनं कागदाच्या गिलासायचा पुडा आनला, डिस्पोजल. साऱ्यायलेच थे. स्टील कोनालेच नाइ. बाया हासल्या, म्हने जितलो. मी बी दोन गिलास पेली, थंडगार, डोळ्याले पानी आलं माह्या. पन जितलो का हारलो हे आजवर समजलं नाइ. कधी वाटते बाईले आमची लाज वाटली, कधी वाटते तिनं आपलं भांडं वाचवलं. पोरगा म्हनते, अम्मा, सबको एक जैसा मिल रहा है, अब क्या चाहिए? बराबर बोलते थो. मले काय पायजे हे मलेच सांगता नाइ येत. राग येते, आन राग कोनावर करू हे बी समजत नाइ.

तुमी तं आता बाईच्या घरूनच आले ना? चहा पेले असान. कशात देला?

कपबशीत?

हौ का. बरं. तुमी पाहुने हाव, पाहुन्याले देतेच मानूस.

सुखी राहो थे, तिचे लेकरं बाळं सुखी राहो. पन उद्यापासून तिच्याच बांधीत रोवणा हाये, आन बाईनं थो कागदाचा गिलास समोर धरला तं? तुमी शिकेल हाव. सांगा ना, घेऊ का नको?