बाईंचं 'पूर्ण असहमत'

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी, आणि खुर्च्या न मिळाल्याने मागे भिंतीला टेकलेले माझे सहकारी मित्रहो,

मी खपून भाषण लिहिलं होतं. ते खिशात आहे आणि खिशातच राहणार. कारण मघाशी चहाच्या वेळी जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. 

पाहुण्यांसाठी सांगतो. कामगाराला आपल्या नोकरीबद्दल काय वाटतं, हे मोजणारी मापनी आमच्या संस्थेत तयार होते. त्यात विधानं असतात, आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' यांतलं एक उत्तर निवडायचं असतं. पण काटा खरा की खोटा, हे आधी तपासावं लागतं ना? तो आमचा धंदा. आणि आमच्यात एक रिवाज आहे. निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या चहाला हीच विधानं ऐकून सगळ्यांदेखत उत्तरं द्यायची. थट्टाच असते हो! आम्ही आधी अंदाज बांधतो.

बाईंच्या बाबतीत अंदाज कसला बांधायचा? सगळ्यांच्या आधी येणार, सगळ्यांच्या नंतर जाणार. रजेचा अर्ज कसा लिहितात, हे त्यांना कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

मी पहिलं विधान वाचलं. 'पुन्हा संधी मिळाली तरी मी हेच काम निवडेन.'

"पूर्ण असहमत," बाई म्हणाल्या.

आम्ही खो खो हसलो. दुसरं वाचलं, 'सकाळी कामावर निघताना मला उत्साह वाटतो.' "पूर्ण असहमत." तिसऱ्याला कुणी हसेना. लेखापालांच्या हातातली बशी कलंडली.

"बाई, चेष्टा पुरे आता," मी म्हणालो.

"चेष्टा नाही रे, आकडेशास्त्री. मला सुतारकाम करायचं होतं. पण वडील अंथरुणाला खिळले, ही शिकत होती, आणि इथला पगार वेळेवर व्हायचा. मग काय करणार?"

'ही' म्हणजे या भगिनी. त्यांनाही आजच कळलं. त्यांच्याकडे मला पाहवत नाही, म्हणून मी मघापासून अध्यक्षांकडे बघून बोलतोय.

काय सांगू मंडळी, पायाखालची जमीन सरकली! अडकणारे ड्रॉवर, डुगडुगणारी टेबलं बाईच दुरुस्त करायच्या. आम्ही म्हणायचो, संस्थेवर केवढं प्रेम! ते लाकडावर होतं.

आणि मग दुसरा धक्का. मापनी तपासताना आम्ही कामगारांचे गुण त्यांच्या हजेरीशी ताडून पाहतो, आणि काही माणसं नेहमी आडवी येतात. गुण तळाला, हजेरी मात्र चोख. ज्याला काम नकोसं आहे तो दांड्या मारतो, नोकरी सोडतो, असं आम्ही धरून चालतो. मग ही माणसं कशी? आम्ही शेरा मारतो, 'विधानं न वाचता खुणा केल्या', आणि त्यांना वगळतो. मापनी झकास उतरते! दर वेळी बाई टेबलावर हात आपटून भांडायच्या, "वगळू नका. त्यांनी वाचलंय. नीट वाचलंय." आम्हाला वाटायचं, हट्टी आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? तसलंच एक माणूस आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं होतं.

अध्यक्ष महाराज, सुधारित आवृत्ती सोमवारी छापायला जाते आहे. तिच्या तपासणीतूनही ती मूठभर माणसं वगळली आहेत, आणि मंजुरी आपली आहे. भर सभेत मागू नये, पण मागतो. त्यांना परत घ्या. मापनी थोडी लंगडी ठरेल. ठरू दे.

आणि बाई, टेबलावर ती गुंडाळलेली भेट दिसते ना? त्यात आपल्या मापनीचं पहिलं पान आहे, चौकटीत बसवलेलं. आता काय तोंड दाखवू? चौकट मात्र अस्सल लाकडाची आहे. आतलं काढून टाका.

संयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला, पण वगळू मात्र नका. बाईंची उत्तरं मी ऐकली आहेत. उशिरा ऐकली, पण नीट ऐकली आहेत.