टँकरचा मेल

पैठणला कीर्तनासाठी निघालेले नानासाहेब बसस्टँडवर अभंग गुणगुणत बसले होते. शेजारच्या बाकावर लेकीला मांडीवर निजवून तनुजा बसली होती. तिच्या कंपनीत कॉम्प्युटरची राखण करणारा सत्यम तिथं आला, बोलणं सुरू झालं आणि नानासाहेबांचा अभंग थांबला.

“पोरीला घेऊन कुठं, तनुजाताई?”

“पैठणला, माहेरी ठेवते. आठवडा झाला, नळाला पाणी नाय. हिला आंघोळ कशानं घालू? तुझ्या खोट्या टँकरनं?”

“ताई, तो टँकरचा मेल सरावाचा होता. चोर असेच मेल पाठवतात. एकानं बोट दाबलं की कंपनी बुडते.”

“‘कंपनी घरोघर टँकर देतीय, नाव नोंदवा.’ मी नोंदवलं, तर भर मीटिंगमध्ये उभं केलंस मला. लई हसले सगळे.”

“पण शिकलात ना? सोमवारी परत टँकरचा मेल आला, त्यावर एकानंबी बोट दाबलं नाय. साहेब म्हणाले, सरावाचा खर्च वसूल झाला.”

“सोमवारचाबी तुझाच होता ना?”

“नाय. तो खरा होता.”

“म्हणजे टँकर खरंच येणार होता?”

“व्हय. कुणीच नाव दिलं नाय, मग साहेबांनी रद्द केला. लोकांना गरज नाय म्हणाले.”

“अरे, तू तरी द्यायचं नाव! तुझ्याबी घरी ठणठणाटच हाय की.”

“मला वाटलं, साहेब माझीच परीक्षा घेतायत.”

पैठणची बस लागली. पोरगी जागी झाली.

“आई, तू पण राहशील ना आजीकडं?”

“नाय गं बाळा. मला कामावर जायचंय.”