पिच्चरमधला बाप दारू पीत होता

आमचं गाव चाकणच्या पल्याड. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा भावकीनं भारी गाड्या घेतल्या, मी जुना टेम्पो घेतला आन् कंपन्यांची लाकडी खोकी उचलून विकायला लागलो, परदेशातून मशिनी येतात ना, त्यांच्या भोवतीची खोकी. मी दहावी नापास, पण सौद्यात मला कुणी हरवलेलं न्हाई, भल्याभल्या साहेबांनी न्हाई, आन् त्याची किल्ली एकच, गप्प बसायचं. समोरच्यानं भाव सांगितला की आपण चहा प्यायचा, खिडकीबाहेर बघायचं. जो आधी बोलला तो गेला. काय सांगू तुम्हाला, ह्याच अकलेनं मी घरात बी वागलो.

थोरली पोरगी दहावीत होती. एक दिवस म्हणाली, पप्पा, मला क्लासला नाही जायचं, मला काहीच करावंसं वाटत नाही. मला वाटलं, सौदा करतीय. म्हटलं, पेपर होऊ दे, स्कुटी घेऊन देतो. गप्प. म्हटलं, फोन बी देतो. गप्पच. मी मनात म्हटलं, शाबास, बापाची लेक हाय, भाव वाढवतीय. मग मी बी गप्प बसलो. अकरा दिवस एका घरात जेवलो आन् एकमेकांशी बोललो न्हाई. तिची आई म्हणायची, अहो, पोरगी नीट जेवत न्हाई, नुसती भिंतीकडं बघत बसती. मी म्हणायचो, तू मधी पडू नको, नरमेल आपोआप.

बाराव्या दिवशी मी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या दाराबाहेर उभा होतो. पोरीनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नाही, ती तुमच्याकडे काहीच मागत नव्हती. औषध चालू झालं, दर आठवड्याला बाईंशी बोलणं चालू झालं, हळूहळू पोरगी माणसात आली.

मागल्या साली पिंपरीतली चार तरणी पोरं आली. काका, पोरांच्या मनाच्या आजारावर पिच्चर काढतोय, शूटिंगला तुमचं खोक्यांचं गोडाऊन द्याल का. मी आयुष्यात फुकट काही दिलेलं न्हाई, हे दिलं. त्यांच्या दिग्दर्शकाला बाजूला घेतलं, अकरा दिवसांचं सगळं सांगितलं, म्हटलं, हे दाखव, माझी अब्रू गेली तरी चालंल. तो डोळे पुसत म्हणाला, काका, हेच दाखवणार.

दाखवलं काय? शाळेच्या हॉलमध्ये पालकांसाठी लावला, आमी तिघं गेलो, तर पडद्यावरचा बाप दारू पितो, पट्ट्यानं मारतो, पोरीची वह्या-पुस्तकं फेकतो. अरे, मी आजवर सुपारी खाल्ली न्हाई, पोरीवर हात उचलला न्हाई! पिच्चर संपला, बाया डोळे पुसायला लागल्या, आन् माझ्या मागं एक कंपनीतला सुपरवायझर बायकोला म्हणतो, असले बाप असतात बघ, आपल्या घरात तसलं काही नाही, आपला पोरगा तर किती शांत, खोलीबाहेरसुद्धा येत नाही.

माझं डोकं फिरलं. उठलोच. बायकोनं शर्ट धरला, अहो बसा, पोरीचं लग्न व्हायचंय. पोरीनं आईचा हात सोडवला, म्हणाली, बोलू दे त्यांना.

मग काय, माइक नको न् काय नको. म्हटलं, मी न पिणारा, न मारणारा बाप हाय आन् माझ्या घरात हे झालं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तवा कळलं, हा हट्ट न्हाई, आजार हाय. ह्या पिच्चरनं तुम्हा सगळ्यांना निर्दोष सोडून दिलं. घरी जा आन् पोरांशी बोला. दिग्दर्शक पळत आला, काका, बाप चांगला दाखवला तर लोकांना राग कुणाचा येणार? म्हटलं, शहाण्या, राग कशाला पाहिजे, धास्ती वाटली पाहिजे! तुला गोडाऊन फुकट दिलं, खोटं बोलायला न्हाई दिलं.

बाहेर पार्किंगमध्ये तो सुपरवायझर गाडीला चावी लावून नुसता उभा. म्हणाला, दादा, आमच्या पोराला खोलीत कोंडून घेऊन तीन आठवडे झाले, त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात? दुसऱ्या दिवशी मीच बापलेकाला गाडीत घालून घेऊन गेलो.

आता दिग्दर्शक फोन करतो, काका, पुढच्या शाळेत येऊ नका, वातावरण बिघडतं. जाणार. पिच्चर तो दाखवंल, त्याच्या पुढचं मी सांगणार. पोरीला विचारलंय, ती म्हणाली, सांगा, फक्त माझं नाव घ्यायचं नाही. तुमी बी लिहा, पण नाव टाकू नका.

आता कॉलेजला जाते ती. आज सकाळी माझा टेम्पो दारात आडवा होता, तिची बस चुकली, तर चार घरं गोळा होतील अशी वरडली माझ्यावर. तिची आई म्हणाली, अगं बापाशी असं बोलतात का. मी म्हटलं, बोलू दे तिला. शंभर वर्षं वरड, बाई.