चहातली गोळी

न्हाई डाक्टर, खुर्ची नगं. उभाच बरा हाय म्या आज. खुर्चीत टेकलो का सवयीनं बोलाय लागतोय, आन तुमी सवयीनं मान हलवाय लागतासा — तसं नगं. ही पुडी वळखतासा का? बगा की. अक्षर तुमचंच हाय — सकाळी एक, सांजच्याला एक. नाव माजं — आकाराम, आष्टा. माज्या नावाची पुडी, आन मलाच ठावं न्हाई. कुठं घावली म्हनता? शेवयांच्या डब्यात. तळाला, फडक्यात बांधून.

आठ म्हैनं, डाक्टर. आठ म्हैनं दर शुक्करवारी आष्ट्यासनं येष्टी धरून सांगलीला आलो, ह्याच खुर्चीत बसलो आन बोललो. पयल्या दिशी तुमीच म्हनलासा — आकाराम, तुमच्या दुखण्याला गोळी न्हाई, आत साठलंय ते बोलून भाईर काडायचं. म्या इचारलं, निसतं बोलून? तुमी व्हय म्हनलासा. आमच्या आळीत मानसं हसायची — पलटणीतला गडी सांगलीला गप्पा माराय जातोय म्हनून. हसू द्यात म्हनलं. का? तर गुन येत हुता. झोप लागाय लागली. पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटला का पयलं म्या जमिनीवर आडवा पडायचो, भर रस्त्यात, लोकांम्होरं — ते थांबलं. लय हरखलो हुतो म्या. पलटणीतनं परत आलेल्या चार गड्यांना सांगत सुटलो — आरं गोळ्याबिळ्या काय नगंत, मानूस बोलला का बरा हुतोय, आमचं डाक्टर देवमानूस हाय. आता त्यांच्याम्होरं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ, सांगा.

कसं कळलं? बनू चार दिस म्हायेराला गेली — माजी बायकू, तुमाला तर म्हाईतच हाय ती, माज्यापरास तुमच्याशीच जास्त बोललीया. तर ती गेली, म्या हातानं चहा केला. तीच पत्ती, त्योच गूळ, आन चहा निव्वळ गोड. रोज कडवट लागायचा. म्या म्हनायचो तर ती म्हनायची औंदाचा गूळच तसला हाय, आन आनी एक खडा टाकायची. मग ती गेल्यावर गूळ कसा सुदारला? तवा काय म्या इचार केला न्हाई. तिसऱ्या राती डोळ्याला डोळा लागला न्हाई. चौथ्या दिशी गिरणीवर पुन्यांदा आडवा पडलो. मग मातुर त्यो कडवट चहा आठवला, घरी येऊन डबं उपडं केलं सगळं.

ती आली, म्या पुडी म्होरं ठिवली.  म्हनली दुसऱ्याच शुक्करवारी डाक्टरांनी मला आत बोलीवलं, तुमाला भाईर कंपौंडरपाशी बसीवलं, आन सांगितलं — न सांगता देत जा, सांगितलंस तर घेनार न्हाई ह्यो. पेल्याच्या बुडानं चुरायची आन चहात. आठ म्हैनं. खरं हाय, घेतली नसती म्या. येड्याच्या गोळ्या म्हनून फेकून दिल्या असत्या. पन इचारायचं तरी. बनूवर राग न्हाई माजा — न्हाई, खोटं कशाला बोलू, हाय, तिच्यावर बी हाय. पन ती भ्याली हुती. तुमी कशाला भ्यालासा?

तुमाला वाटंल, बरा झाला ना गडी, मग कशानं झाला ह्याची उठाठेव कशाला. सांगतो. नाथाजीच्या आईकडं कुनी धाडलं मला? तुमीच. बोलन्याचं शेवटचं काम ऱ्हायलंय म्हनलासा, त्या माउलीला जाऊन सांगा. बरं. नाथाजी माजा जोडीदार, एकाच खंदकातला. बासष्टला चिनी आलं, आमी बर्फातनं मागं फिरलो, त्याचं पाय काळं पडलं. एक दिस खांद्यावर आनला, दुसऱ्या दिशी एका झाडाबुडी ठिवला आन म्होरं आलो. सरकारी कागदावर लिवलं — बेपत्ता. कैदी सुटून आलं त्यात त्यो न्हवता. आन त्याची आई, येसूबाई, तिकडं कवठे म्हांकाळला दोन वर्सं त्या एका शब्दावर जगतीया.

आमच्यात मेल्याचा सांगावा कसा द्यायचा, ठावं हाय का? उंबऱ्यातच रडायचं. आदी रडायचं, मग बोलायचं. घरातली बाई तुमचं तोंड बगूनच समजती, शब्द लागतच न्हाई. म्या गेलो उंबऱ्यात, आन रडूच आलं न्हाई. आत काय हाललंच न्हाई. म्या सगळं सांगितलं — बर्फ, पाय, झाड, नाथाजी म्हनला तू जा, सगळं — तलाठी उतारा वाचतोय तसं. येसूबाई माज्या डोळ्यांकडं बगत हुती, लय येळ. आन मग हसली. म्हनली लेकरा, असा कोरडा सांगावा कुनी आनतं व्हय? त्यो हाय. त्यो गेला असता तर तू हितं असा धड उभा ऱ्हायला नसतास. आन उठली, चूल पेटवली तिनं. मयताच्या सांगाव्यावर चूल पेटत न्हाई आमच्यात. तिनं पेटवली, भाकरी थापली, नाथाजीला आवडती म्हनून वांग्याची भाजी केली. आन म्या जेवलो, डाक्टर. दोन भाकरी खाल्ल्या. आनी वाढू का म्हनली तर थोडी भाजी घेतली.

त्या दिशी सकाळी बनूनं दोन घातल्या हुत्या चहात. लांबचं जायाचंय, मधीच कुठं कोसळू नये म्हनून. तुमीच तिला म्हनला हुतासा, लागलं तर दोन.

आज सोळा दिस झालं, चहाला शिवलो न्हाई. झोप न्हाई. परवा बनूनं पाठीमागनं हात लावला, म्या ढकलून दिलं, कपाळ फुटलं तिचं. भाईर बाकावर बसलीया, पट्टी बांधून — आतनं बगितलंसा का न्हाई? ती म्हनती गोळी घ्या. तिचं बी बराबर हाय. पन मला एक सांगा — आठ म्हैनं मला वाटत हुतं का म्या काय केलं ते एका शान्या मानसानं ऐकलं, आन ऐकून बी मला मानसांत धरलं, म्हनून छाती हलकी झाली. त्यातलं काय खरं हुतं? तुमी ऐकत तरी हुतासा का, का गोळीचा गुन किती आला ते बगत हुतासा? आता ह्या सोळा दिसांत नाथाजी रोज डोळ्यांम्होरं येतोय. माजी बाही धरतोय, आन —

न्हाई, जा म्हनला न्हवता त्यो. तुमाला खोटं सांगितलं, त्याच्या आईला बी तसंच सांगितलं. कुठला म्हनतोय. बाही धरली हुती त्यानं. तोंडातनं शब्द फुटत न्हवता गारठ्यानं, पन बाही धरली हुती. म्या सोडवली. एकएक बोट. चार बोटं सोडवली, अंगठा आपसूक सुटला.

हे बोलायचं न्हवतं मला हितं. आठ म्हैन्यांत कवा तोंडातनं निघालं न्हाई, आन आज तुमच्यावर इस्वास उरला न्हाई तर निघालं.

द्या ती पुडी हिकडं. टाकत न्हाई. घेनार हाय, बनूचं कपाळ बगून घेनार हाय — पन माज्या हातानं, पान्यासंगं, मला ठावं असताना. उद्यापासनं. आज न्हाई. आज म्हांकाळला जातोय, येसूबाईला बाहीचं बी सांगनार हाय. तिनं हाकललं तर हाकलू दे, पन आज ती बाई मला बगून रडली पायजे.

आता काय बोलतासा? ऱ्हाऊ द्या. बोलायचं तवा बनूशी बोललासा, माज्याशी न्हाई. — बनू, ऊठ. येष्टी जाईल.