त्रेचाळीस पावत्या

समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. जानकी परुळेकर मॅडम. आत्ताच भाषण संपवून बसलेले प्रमुख पाहुणे, विद्यापीठाचे विस्तार संचालक डॉ. चंद्रप्रकाश देसले सर. ज्यांच्यासाठी आपण बोरिवलीच्या या सभागृहात जमलो ते सत्कारमूर्ती कुंडलिक घाडी सर. सकाळच्या होडीने येऊन पहिल्या दोन रांगा पटकावणाऱ्या गोराईच्या आंटी आणि मावश्या. आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी प्रांजल तावडे. गोराईच्या कृषी विस्तार केंद्रात घाडी सरांच्या हाताखाली दोन वर्षं सहायक आहे. सरांबद्दल बोलायला मी चार पानं लिहून आणली होती. ती या हातात आहेत. पण पंधरा मिनिटांपूर्वी जे ऐकलं, त्यानंतर ती वाचता येतील असं वाटत नाही. कागद बाजूला ठेवून बोलते, तेवढं सांभाळून घ्या.

होय घाडी सर, पाणी प्यायले. बरी आहे मी.

देसले सर आपल्या भाषणात प्रगती आणि प्राधान्य यांबद्दल बोलले. प्राधान्यं बदलावी लागतात, हे मलाही पटतं. मग ते म्हणाले की गोराईत आता अकराच शेतकरी उरलेत. घाडी सरांच्या निवृत्तीबरोबर एक जूनपासून ते केंद्र बंद करून आम्हाला उपनगरांतल्या गच्चीवरच्या बागांच्या कामाला घेतलं जाईल. आणि हा आकडा कुणाचा? "आपल्याच तरुण सहकारी प्रांजल तावडे यांच्या पाहणीतला." सभागृहात टाळ्या झाल्या. मीसुद्धा वाजवल्या. दोन टाळ्या वाजवून झाल्यावर मला कळलं की मी कशाला टाळ्या वाजवतेय.

तेव्हा माझ्या मांडीवर हे पावतीपुस्तक होतं. ते कुठून आलं, सांगते.

आज सकाळी सभागृहाच्या दारात रूथ आंटींनी माझ्या पुढ्यात एक टोपली ठेवली. वर फडकं होतं. मला वाटलं, सरांसाठी खाऊ असणार. उचलायला गेले तर हलेना. फडकं काढलं, तर आत मातीच्या पिशव्या! जुन्या उशांच्या अभ्र्यांतून शिवलेल्या. आपल्या केंद्राची माती तपासायची पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. पेरणीआधी प्रत्येक वाफ्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवायची, पिशवीत भरायची आणि आत चिठ्ठी घालायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण शाई ओल धरून पसरते. आणि सरांचा सगळ्यात मोठा नियम: चिठ्ठीवर नाव माती खणणाऱ्या हाताचं.

मी म्हटलं, "आंटी, आज सरांचा निरोप आहे, आज कसली माती?"

"म्हनून तर आज आनली. उद्या सर नाय. इहिरीचं पानी खारं होत चाललंय, कुठल्या वाफ्यात कंचा भात लावायचा ता आमाला कोन सांगल? तुझा बापूस?"

मग वर, "पावती दे गं बाय. सरांचा नियम हाय."

केंद्राचं कोरं पावतीपुस्तक माझ्या पिशवीत असतंच. ते काढून दारातच उभी राहून मी पावत्या फाडल्या. रूथ, क्लॅरिस, क्लॅरिसची सून, दीप्ती, अशी एकेक नावं. हसत खेळत फाडल्या. शेवटच्या पावतीचा क्रमांक त्रेचाळीस, आणि प्रत्येक पावतीवर वेगळं नाव. आणि दोन तासांनी व्यासपीठावरून माझ्याच नावाने आकडा आला, अकरा.

ही चूक झाली कशी? माझ्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडील दहिसरला शाळेची बस चालवतात. आमच्याकडे छापील कागदाला फार मान असतो. विद्यापीठाकडून पाहणीचा छापील तक्ता आला, त्यातला पहिला रकाना होता 'सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव'. मला वाटलं, छापलंय म्हणजे बरोबरच असणार. मी सातबारा घेऊन दारोदार फिरले. गोराईच्या सातबाऱ्यावर कोण आहेत? कुणाचे सासरे, जे वारले. कुणाचा दीर, जो कुवेतला आहे. कुणाचा मुलगा.

रूथ आंटींच्या दारात त्यांचा मुलगा शेर्विन भेटला. जमीन त्याच्या नावावर. मी विचारलं, "शेती करता?" तो म्हणाला, "नाय हो मॅडम, मी विमानतळावर कामाला आहे." खरंच बोलला बिचारा. मी फुली मारली. त्या वेळी आंटी घरामागे वालाच्या शेंगा तोडत होत्या. मातीच्या हातांनी त्यांनी मला चहा दिला, निघताना पिशवीभर शेंगा दिल्या. आईने त्या सोलताना विचारलं, "शेतातल्या ना गं या? बाजारात अशा मिळत नाहीत." मी म्हटलं, "हो, शेतातल्याच." आणि त्याच टेबलावर बसून मी लिहिलं: रूथ यांचे घर, शेती नाही.

माझा आत्तासुद्धा विश्वास बसत नाही. शेंगा खाल्ल्या, आणि शेतकरी दिसला नाही!

रूथ आंटी, थांबा, मला बोलू द्या. "पोरीचा दोस नाय" असं तुम्ही खालून म्हणताय, पण दोष आहे. अजून एक गोष्ट आहे, ती घाडी सरांनाही माहीत नाही.

सर, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मी तो तक्ता तुम्हाला दाखवला होता. तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलंत, "पुन्हा एकदा जाऊन ये." पाठवायची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. तुम्ही रजेवर गेलात. मी खोडरबर घेतला, तुमची ओळ पुसली, तुमच्या नावापुढे 'करिता' लिहून सही केली आणि अहवाल पाठवून दिला. वेळेत पाठवला म्हणून विद्यापीठाचं अभिनंदनाचं पत्र आलं. आईने ते देवघरात ठेवलंय.

तुम्ही परत आल्यावर एकदाच विचारलंत, "गेली होतीस?" मी "हो" म्हटलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. एकतीस वर्षं जपलेलं केंद्र माझ्या त्या एका "हो"ने बंद होतंय. निरोपाच्या दिवशी ही भेट तुम्हाला दिली मी.

देसले सर, मी आपल्याला दोष देत नाही. आपल्यासमोर जो आकडा आला, त्यावर आपण निर्णय घेतलात. गच्चीवर मिरच्या जरूर लावूया. पण ज्या बायकांची पालेभाजी आपण बोरिवलीच्या बाजारात रोज विकत घेतो, त्यांनी माती घेऊन जायचं कुठे?

परुळेकर मॅडम, मी विनंती करते. माझा अहवाल मी मागे घेते. तसं लेखी पत्र आजच देईन, आणि जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. नवी पाहणी होईपर्यंत केंद्र बंद करू नये. आणि नव्या तक्त्यात पहिला रकाना खणणाऱ्या हाताचा असावा. आपण वहीत काहीतरी लिहून घेतलंत, ते मी इथून पाहिलं.

तोवर माझ्याकडे हे पुस्तक आहे. प्रत्येक पावतीखाली छापलंय: 'तपासणी अहवाल तीस दिवसांत शेतकऱ्याच्या हाती देण्यात येईल.' तीस दिवस म्हणजे एक जूनच्या पुढे. छापील कागदाला मान द्यायचाच, तर या ओळीला देऊया. खाली सही माझी आहे. या वेळी 'करिता' नाही.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. पाहणीतली चूक मात्र पोटात घालू नका, ती माझ्याकडून दुरुस्त करून घ्या.

आणि सर, उद्या पहिल्या होडीने मी गोराईला निघतेय. तुम्ही लिहिलं होतंत ना, पुन्हा एकदा जाऊन ये. जाऊन येते.