श्रीखंडाच्या डब्यातले स्क्रू

आमच्या सासऱ्यांचं काय सांगू! सापडेल तो स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, ही त्यांची सवय. ‘तुझ्या बाबांचाच एक स्क्रू ढिला आहे,’ असं मी बायकोला म्हणायचो. त्या दिवशी सकाळी तर त्यांनाच सांगितलं, ‘अहो बाबा, तो डबा भंगारात द्या आता.’

दुपारी दोनला मी बाथरूममध्ये असताना आतल्या कडीची मूठ हातात आली. तिचा स्क्रू मोरीच्या जाळीतून खाली गेला आणि कडी जागची हलेना. तीनला ऑफिसची मीटिंग होती. बायकोने कर्वेनगरातल्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला. ‘दुकान चारला उघडतं,’ म्हणून त्याने ठेवून दिला.

मग दाराबाहेर सासऱ्यांचा आवाज आला. ‘किती लांबीचा होता?’

‘अर्धा इंच असेल.’

‘असेल नको, नक्की सांगा.’

‘अर्धा इंच!’

डबा बराच वेळ खडखडला. मग दाराखालून एक स्क्रू आत आला, मागून स्क्रूड्रायव्हर.

‘बसला?’

‘अगदी बरोबर बसला, बाबा.’

‘छान. आता बाहेर या जावईबापू, आणि डबा भंगारात कधी द्यायचा ते सांगा.’