लेण्यातली वरची बिऱ्हाडं

सन्माननीय अध्यक्ष अर्जुनराव, व्यासपीठावरील मामलेदार साहेब, उत्सवमूर्ती दत्तोबा, आणि कांद्याची लागण अर्धी टाकून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

तीस वर्षं आपल्या डोंगरातलं लेणं पाहुण्यांना दाखवणारे दत्तोबा आज विसावा घेत आहेत. दूरदेशी चुनखडीच्या गुहा असतात म्हणे, छताला दगडी झुंबरं लोंबतात. आपलं लेणं काळ्या पाषाणाचं, अन् लोंबतात ती वटवाघळं. तरी पिंपरीला कारखाने आल्यापासून दर रविवारी माणसं डबे बांधून येतात, ती कुणामुळं?

सरपंच म्हणून एक कबुली देतो. गेल्या उन्हाळ्यात साहेब लेणं बघायला येणार, म्हणून आम्ही पंचांनी वटवाघळं हाकलायचं ठरवलं. उंदराच्या बिळाला देतो तशी लेण्याच्या तोंडाशी मिरच्यांची धुरी दिली. दत्तोबा म्हणाले, "सरपंच, वारं उलटं हाय." ऐकतो कोण? सगळा धूर आमच्याच नाकातोंडात. साहेब पोचले तेव्हा अख्खी पंचायत ढसाढसा रडत होती. त्यांनी टोपी काढून हळूच विचारलं, "कुणाची मयत?"

दत्तोबा म्हणाले, "मयत न्हाई, साहेब. पंचायतीचा कारभार हाय."

मग ते साहेबांना आत घेऊन गेले. पायताण बाहेर, कंदील गुडघ्याखाली, बोलणं कानातल्या कानात, ही त्यांची रीत. वर माद्या, पोटाशी पिलं बिलगलेली. साहेब किती वेळ उभे होते, ते त्यांनाच विचारा.

एवढ्यानं आम्ही शहाणे झालो का? नाही. लेण्याच्या तोंडाला बसवायला बारीक जाळी मागवली. परवा दत्तोबांना समारंभाचं सांगायला गेलो, तर म्हणाले, "मला निरोप द्या, खुशाल द्या. वरच्या बिऱ्हाडास्नी देऊ नका. जाळी बसनार असंल, तर शाल-नारळ तुमच्याच घरी ठेवा."

घरी येऊन सगळं सांगितलं. आमच्या यशोदाबाई म्हणाल्या, "ती जाळी कांद्याच्या वखारीला तरी लावा. कांदे वारं खातील बिचारे."

दत्तोबा, आज सकाळी पंचायतीनं एकमुखानं ठरवलं. जाळी वखारीला लागली. पिलं अंगावर असतील ते महिने लेणं पाहुण्यांना बंद. हे तुम्हाला आत्ताच कळतंय. आता तरी शाल घ्याल ना? मान हलली. अर्जुनराव, घाला लवकर, मन बदलायच्या आत.

अध्यक्षांचे, साहेबांचे, आपणा सर्वांचे उपकार मानतो. मी पाटीवर घरीच अक्षरं गिरवलेला माणूस. उणं-अधिक बोललो असेन ते पोटात घाला. वटवाघळांची माफी मात्र दत्तोबांनीच मागावी. आमचं ती ऐकायची नाहीत.